आईच्या गळ्यातला टाक

नाना, तुमच्या लग्नाचा फोटो गेल्या आठवड्यात स्टुडिओवाल्याने साफ करून मोबाईलवर पाठवला, आणि तेव्हापासून मला तुमच्याशी भांडायचं आहे. आता तुम्ही नाही, आईही राहिली नाही, पण म्हणून राग गिळायचा असं कुठे आहे? अक्काच्या नातीचं लग्न ठरलंय. हल्ली कार्यालयात पडद्यावर घरातल्या जुन्या जोड्यांचे फोटो दाखवतात. अक्कानेच मला सांगितलं, "नाना-आईचा तेवढा नीट करून आन, तू नगरात राहतीस." भिंतीवर होता तोवर त्यात तुमचा फेटा आणि आईच्या मुंडावळ्या एवढंच दिसायचं, बाकी सगळं पिवळं. आता दोन बोटांनी मोठा करून बघितला, तर आईच्या गळ्यात, कोऱ्या मंगळसूत्राच्या खाली, चांदीचा छोटा टाक आहे. त्यावर एका बाईची आकृती आहे. पहिली बायको वारली की तिचा असा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात हे मी ऐकून होते, पण ते लोकांच्या घरांतलं म्हणून.

मग एकेक आठवायला लागलं. पितृपंधरवड्यात नवमीला आपल्याकडे सवाष्ण जेवायला असायची. आजीसाठी, असं तुम्ही सांगायचात. नवमीचं जेवण नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी असतं, आणि आजी तर आजोबांच्या मागे कितीतरी वर्षं बिनकुंकवाची जगली. मला हे कधी खटकलंसुद्धा नाही. तुम्ही गेलात आणि आईने नवमी बंद केली, तेव्हाही मी काही विचारलं नाही. तुम्ही शाळामास्तर, आणि मास्तरांनी सांगितलेलं तपासून बघायची आपल्या घरात पद्धतच नव्हती.

फोटो घेऊन मी जामखेडला आत्याकडे गेले. तिला आता दिसत कमी, पण टाक म्हटल्यावर तिला फोटो बघायची गरजच पडली नाही.

"सवतीचा टाक हाय त्यो," ती म्हणाली. "म्याच बांधला तुज्या आयच्या गळ्यात. अक्काची आय ती. पोरगी रांगत हुती, तवा तापानं गेली."

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"तुज्या नानानं समद्यांस्नी शपत घातली. पोरीला कळलं तर माजं मेलेलं त्वांड बघाल, म्हनला."

"नाव काय होतं गं तिचं?"

"तुज्या आयचं जे नाव, त्येच की. दुसरीला बी त्येच ठिवलं त्यानं."

नाना, आत्याच्या पलंगावर बसल्या बसल्या मला तुमच्या लग्नातलं ते ताट डोळ्यांपुढे दिसलं. ताटात तांदूळ पसरून, अंगठीने तुम्ही नव्या नवरीसाठी तेच जुनं नाव लिहिलंत. फळा पुसायचा आणि पुन्हा तेच लिहायचं, तसं. रेशनकार्डावर, घरच्या कागदांवर कुठे नाव बदलायला नको. जिल्ह्याचं नाव बदललं तर गावोगाव चर्चा झाल्या, आणि इथे एका मेलेल्या बाईचं नाव काढून जिवंत बाईला दिलंत, तर घरात कुणी हूं की चूं केलं नाही. आईला आजीने नावाने हाक मारली की ती जरा उशिराने वळायची. आम्ही पोरं तिला बहिरी म्हणून चिडवायचो.

पण हे सगळं मी एकवेळ सोडून दिलं असतं. चुलीपुढचा तो दिवस नाही सोडणार. अक्का सातवीत असेल. तुमचं ताट वाढलेलं होतं, आई भाकरी थापत होती, आणि अक्काने माझ्याकडे बोट करून मध्येच विचारलं, "हिला घेती तशी आई मला कधीच जवळ का घेत न्हाई?" तुम्ही ताटावरून उठलात, तिचं मानगूट धरलंत आणि आईच्या पायांवर तिचं डोकं टेकवलंत. "आईबद्दल असलं तोंडातून काढायचं नाही." आईने पाय मागे घेतले. तव्यावरची भाकरी करपली, ती तुम्ही मुकाट्याने खाल्लीत. पुढच्या वर्षी अक्काची शाळा सुटली आणि वर्षा-दोन वर्षांत खर्ड्याकडच्या एका घरात तिचं लग्न लावून मोकळे झालात. गावच्या पोरींना शिकवणारे तुम्ही.

आत्या म्हणते, "पोरगी कडंवर घेतली की टाक मुठीत धरायची, तोंडात घालायची. तुजी आय लई भ्यायची. तिला वाटायचं, सवत आपली पोर माघारी मागतीया." म्हणजे आई पोरीचा राग करत नव्हती, घाबरत होती. आणि अक्का सत्तरीला आली तरी दर भेटीत मला विचारते, "माझं काय चुकलं हुतं गं?" तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर तिला आयुष्यभर हे विचारत बसावं लागलं नसतं. एकच वाक्य, नाना. छडी मारायला तुम्हाला कधी भीती वाटली नाही, मग याचीच कसली वाटली?

तुम्हाला हे पाठवायला पत्ता नाही. ज्या पत्त्यावर जायला हवं, तिथून काल फोन आला. फोटो बघून अक्का खूश होती. "आईच्या गळ्यात ते काय चमकतंय गं?" तिने विचारलं. सगळं माझ्या ओठांवर होतं.

"देवीचा टाक असेल," मी म्हणाले. आवाज अगदी तुमच्यासारखा निघाला, वर्गात शिकवताना असायचा तसा, ठाम. अक्काने पुढे काही विचारलं नाही.