काय काय खाता?

माकणी, सोमवार

आत्याबाईंना नमस्कार,

छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. पुण्याहून फोनवर तुमी म्हणालात, "कामावर जातीस, बाहेरचे वडे-भजे खातीस, म्हणून झालं." म्या फोन ठेवून दिला. भांडायला आता अंगात जीव न्हाय.

सोलापूरला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?" माझ्याआधी सृष्टीचे पप्पाच बोलले, "घरात सगळं असतंय. दूध, फळं, भाज्या." ते औषधं आणायला गेल्यावर म्या खरं सांगितलं. सकाळी चहा-खारी, दुपारी उरलेली भाकरी अन् लोणचं. सगळ्यांचं जेवण होईस्तोवर भाजीचं पातेलं रिकामं. वीस वर्षं असंच चाललंय.

"त्यानंच झालं का हो?" म्या विचारलं.

"एका बाईचं नेमकं कारण कुणालाच सांगता येत नाही. डाळी, भाज्या, फळं रोज खाल्ली तर धोका थोडा कमी होतो, एवढंच. आता मात्र उपचार झेपायला पोटभर जेवा."

काल सगळ्यांबरोबर जेवायला बसले. सृष्टीनं पहिली भाजी मलाच वाढली. तुमी आठवलात. चुलीकडं तोंड करून, भाकरीनं पातेलं पुसून खायच्या. सगळ्यांच्या शेवटी जेवायला मला तुमीच शिकवलं, अन् तुमाला तुमच्या सासूनं.

हे पत्र धाडणार न्हाय. या वयात उगी जिवाला लावून घ्याल. तिथं पुण्यात धाकट्या जावेला तेवढं सांगीन, आत्याबाईंना आधी वाढत जा.

तुमची थोरली सून,
कावेरी