दोन्ही बाजूंनी खरं

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण माझं भांडण अजून तुमच्याशीच आहे. काल इथे धुळ्याच्या कॉलेजात माझा सत्कार झाला. गणितातल्या एल-फलनांच्या शून्यांवरचा माझा पेपर मोठ्या नियतकालिकात छापून आला म्हणून शाल, नारळ, सगळं यथासांग. मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "मॅडम राखीव जागेवरून शिकल्या, आणि बघा कुठवर पोचल्या!" टाळ्या पडल्या. मला मात्र तुमची जळगावची स्टाफरूम आठवली आणि डोकं तापलं.

पण आधी तुमचं स्वयंपाकघर. दर रविवारी मी, रेल्वे क्वार्टरमधल्या फिटरची पोरगी, भुसावळहून पॅसेंजरने यायची आणि तुम्ही मला ओट्याशेजारच्या टेबलावर शिकवायचात. पलीकडे काकू भरताची वांगी भाजताहेत, करपल्या सालीचा वास घरभर पसरलाय, आणि तुम्ही एका पाठकोऱ्या कागदावर उभी रेष ओढता. या फलनांची जी शून्यं, म्हणजे जिथे त्यांची किंमत शून्य होते त्या जागा, खरी महत्त्वाची, ती सगळी याच रेषेवर बसतात असा कयास आहे, म्हणता. तो कोणाला सिद्ध करता आला नाही, खोडताही आला नाही. मग डोळे बारीक करून एका जुन्या विधानाची गंमत सांगता. एकाने दाखवलं, कयास खरा असेल तर ते विधान खरं. पुढे दुसऱ्यांनी दाखवलं, कयास खोटा असेल, एखादं शून्य रेषेवरून ढळलेलं असेल, तरीही ते खरंच. म्हणजे कयासाचं काहीही होवो, विधानाला धक्का नाही! मी आनंदाने टेबलावर हात आपटला होता. काकू म्हणाल्या, "आधी जेवी ले पोरी, तुनं शून्य काय पयी जास का?" शून्यं काही पळून जाणार नव्हती, हे खरंच.

फेलोशिप लागली तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन मी धावतच आले. स्टाफरूमच्या दारात पाऊल ठेवते तोच तुमचा आवाज, "अहो, कॅटेगरी आहे तिची. मिळणारच होती." सगळे हसले, तुम्हीसुद्धा. मला पाहिल्यावर म्हणालात, "अगं, थट्टा चाललीय. असं मनाला लावून घ्यायचं नसतं." मी लावून घेतलं. पेढे टेबलावर ठेवले, आणि पुन्हा एकाही रविवारी तुमच्या घरची पायरी चढले नाही.

तर सर, आता तुमच्याच रीतीने करू. समजा, फेलोशिपची जागा मला आरक्षणातून मिळाली. मिळाली असेल तर हक्काची होती, कोणाच्या ताटातली नव्हती, आणि पेपरातली सिद्धता बरोबर आहे. समजा, खुल्या यादीतून मिळाली. तरी सिद्धता तीच, आणि तितकीच बरोबर. यातलं खरं कोणतं ते मी सांगणार नाही, तुम्हालाही नाही. छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या निनावी परीक्षकाने माझी जात विचारली नव्हती. त्याने मधल्या एका पायरीत भोक दाखवलं, आणि ते बुजवता बुजवता माझा अख्खा उन्हाळा गेला. कामाचा हिशोब असा होतो, सर. काल अध्यक्ष खाली बसल्यावर मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "जागा कुठली होती ते पेपरात लिहिलेलं नाही. फळा मागेच आहे. कोणाला चूक सापडली असेल तर या, खडू देते." खडू शेवटी मीच परत ठेवला. नंतर चहाच्या टेबलापाशी एक सहकारी कुजबुजला, "मॅडम, जरा जास्तच झालं." मी म्हटलं, "कमीच झालं. वीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं."

हे पत्र कुठे टाकायचं हाही प्रश्नच आहे. काकू गेल्या, तुमचं जळगावचं घर विकलं गेलं. आणि टाकायची सोय असती तरी मी टाकलं नसतं, कारण ते वाचून तुम्ही पुन्हा म्हणाला असतात, मनाला लावून घेऊ नकोस. एकच सांगते, तेवढं कोणाला कळायला नको. पेपर छापून हातात आला त्या दिवशी सगळ्यात आधी वाटलं, सरांना दाखवावा. आईला फोन करायचं त्यानंतर सुचलं. याचा मला अजून राग येतो, सर, तुमच्यापेक्षा माझाच जास्त.