एका ओळीत अकरा वॉर्ड

४ मार्च, सोमवार

गेलं. सगळं गेलं!

वॉर्ड १ मधलं रक्तदाबाचं मशीन बिघडलेलं होतं, म्हणून तेवढेच आकडे काढायचे होते. मी शहाणी — ज्याच्या नावात ‘वॉर्ड१’ येतं ते सगळं पूस, अशी एका ओळीत संगणकावरच्या ‘आर’ या आकडेवारीच्या प्रोग्रॅमला आज्ञा दिली. त्यानं इमानदारीत पुसलं. वॉर्ड१. आणि वॉर्ड१०, वॉर्ड११, थेट वॉर्ड१९पर्यंत! त्यांच्याही नावात ‘वॉर्ड१’ आहेच की. शेवटी ‘नाव इथेच संपतं’ असं सांगणारं डॉलरचं एक चिन्ह टाकलं असतं तर एकटं तेच गेलं असतं. वर लगेच सेव्ह केलं. मेली सवय!

तीन आठवडे हातानं केलेल्या दुरुस्त्या, कुठेही लिहून ठेवलेल्या नाहीत. शुक्रवारी अहवाल द्यायचाय — पासष्टीपुढच्यांना रक्तदाबाची ही गोळी सोसते की नाही.

त्यात आईचा फोन. “तू सांगितलेली गोळी मानवली गं मला.” बरं बरं म्हणून ठेवून दिला.

५ मार्च

सरांना सांगितलं. ओरडले नाहीत, त्यानंच जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मूळ कागद आहेत ना? मग बसा.”

६ मार्च

सिस्टर कागद वाचतात, मी भरते. वॉर्ड १४ला त्या म्हणाल्या, “वरचं बीपी अडुसष्ट.”

“एकशे अडुसष्ट. एक लिहायचा राहिलाय,” मी म्हटलं. मागच्या वेळी असे अकरा आकडे मी ‘सुधारले’ होते. बसल्या जागी, कुणालाही न विचारता!

सिस्टरनी चष्मा काढला. “काही राहिलं नाही, मॅडम. दोनदा मोजलं मी. त्या आजी पलंगावरून उठल्या आणि धाडकन पडल्या. अडुसष्टच.”

बाकीचे दहाही विचारले. सगळे खरे. परवा ते पुसलं गेलं नसतं तर शुक्रवारी मी सही ठोकून मोकळी झाले असते — गोळी सोसते म्हणून! सरांकडे धावले. वॉर्डांतली गोळी आजच थांबवतायत.

६ मार्च, जरा वेळानं

आईला फोन लावला. “आजची गोळी घेतलीस?”

“हो, आत्ताच. उठताना थोडी अंधारी येते हल्ली, पण म्हटलं, तू तपासलेली आहे ना.”