नळी नको, असं स्पष्ट सांगितलं होतं

६ जून
हर्नियाचं ऑपरेशन अकराला. रेकॉर्डिंग अठराला. मधे सात दिवस, म्हणजे रग्गड. बसस्थानकावर यापुढे मशीन घोषणा करणार आणि मशीनमध्ये कायमचा एकच आवाज भरणार. सव्वीस वर्षं माइक माझ्या हातात आहे, मग आणखी कोणाचा घेणार? चौकशी खिडकीवरच्या बाईंनीही नाव दिलंय म्हणे. देऊ दे बापडीला.
ठराव: घशात काहीही घालू द्यायचं नाही.

९ जून, दुपारी
भूल देणाऱ्या डॉक्टरबाई भेटल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, कमरेत इंजेक्शन देते, घशाचा प्रश्नच नाही. मी साफ नकार दिला. सुईला घाबरून नव्हे. मणक्याशी खेळ नको, हे माझं तत्त्व.
मग दोन नळ्या दाखवल्या. एक स्वरयंत्राच्या वरच टेकणारी, मऊ. दुसरी स्वरतंतूंमधून थेट श्वासनलिकेत जाणारी. पहिलीने घसा सहसा कमी दुखतो. मी पहिली निवडली. विषय संपला.
पण त्यांनी विचारलं, आम्लपित्त आहे का. अजिबात नाही, म्हटलं. शेजारी बायको बसली होती. ती म्हणाली, "अहो, मग रोज तीन उशा लावून बसल्याबसल्या झोपता ते कशासाठी?"
तीस वर्षांचा संसार आणि ऐन वेळी साक्ष विरुद्ध. पहिली नळी बाद, ती पोटातून वर आलेलं अडवत नाही म्हणे. मी जरा आवाज चढवला, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "काका, भुलीत पोटातलं आंबट फुफ्फुसात गेलं, तर आवाज राहिला काय न् गेला काय." सुईचा पुन्हा विचार करा, असंही म्हणाल्या. मी तत्त्वावर ठाम.

११ जून, संध्याकाळी
ऑपरेशन झालं. पोट ठीक. घसा पॉलिश पेपरने घासल्यासारखा. शुद्धीवर येताच 'फलाट क्रमांक दोन' म्हणून पाहिलं. नर्सने विचारलं, उलटी होतेय का.

१२ जून
डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवसांत उतरेल, कमी बोला. आजपासून पूर्ण मौन.
दुपारी: मौनाबद्दल मेहुण्याला फोन करून सांगावं लागलं. पाऊण तास. शेजारच्या पेशंटलाही दोन्ही नळ्यांतला फरक समजावला, त्याचं उद्या ऑपरेशन आहे. त्याने खाट बदलून मागितली.
संध्याकाळी: आवाज पार बसला. निष्काळजी डॉक्टर.

१५ जून
घरी. आवाज फाटलेलाच. तक्रारअर्ज चौथ्या पानावर. बायकोला दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, चूक तिचीच, खरं बोलायला नको होतं. मी मोठ्या मनाने माफ केलं.

१७ जून, सकाळी
घसा मोकळा. बाथरूममध्ये अख्खं वेळापत्रक म्हटलं. वरच्या मजल्यावरच्यांनी पाइप वाजवून दाद दिली. उद्या बघाच.

१८ जून
एका दमात रेकॉर्डिंग. मशीनवाले म्हणाले, आवाज खणखणीत, कुठे खोट नाही.
मग आगारप्रमुखांनी बाजूला घेतलं. आवाज चौकशीवाल्या बाईंचा घेणार. कारण विचारलं. म्हणाले, "तुमची घोषणा झाली की लोक तिच्या खिडकीवर जातात, काय म्हणाले ते विचारायला. सव्वीस वर्षं तीच सांगतेय."
नळीमुळे झालं, असं म्हणणार होतो. पण खोट नाही, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. फार वाईट वाटलं. इतकं की जिन्यात बसून राहिलो.
घरी बायकोला कुजबुजत सांगितलं, ऐन वेळी घसा बसला. सकाळी दारातून मीच तिला तीनदा हाका मारल्या होत्या, पिशवी दे म्हणून.
थोड्या वेळाने मेहुण्याचा फोन आला. तिनेच घेतला. म्हणाली, "नाही रे जमलं. त्यांचा घसा अजून दुखतोय, त्या नळीने."
आज कोणाशीच बोलायचं नाही, असं ठरवलं. बोलण्यासारखं काही नव्हतंच.