तीन नंबरची दोन पाकिटं

४ मार्च

ति. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग असला, तरी सध्या मान ताठ आहे. तेवढी चालवून घे.

फोनच करणार होतो. पण तुमचा फोन दिवाणखान्याच्या मधोमध, आणि माझं नाव ऐकलं की सगळं घर हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतं. त्यात तुझे धाकटे दीर आमच्या रेडिओ मंडळावर पुलापलीकडच्या पंथाचे प्रतिनिधी. म्हणून पत्र. त्यांच्याकडून एक हकीकत ऐकली असशीलच, आता खरी ऐक.

चार पंथांनी मिळून एक रेडिओ केंद्र चालवायचं आणि संध्याकाळचा एक तास पाव-पाव तास वाटून घ्यायचा, हे ऐकायला सोपं आहे. पहिला पाव तास कोणाचा, यावर सुरुवातीला एक पूर्ण सभा गेली होती. मग मी अध्यक्ष झालो. (काटे-तराजू दुरुस्त करणारा माणूस एका बाजूला झुकणार नाही, एवढ्यावर निवडला, असं तू चारचौघांत सांगतेस. सांग.) मी नियम घातला की प्रार्थनेच्या ध्वनिफितीचं पाकीट सगळ्यांचं सारखं, पांढरं. त्यावर पंथाचं नाव नाही, चिन्ह नाही, फक्त नंबर. आणि नंबर दर महिन्याला फिरता. कोणी कायमचा पहिला नाही, कोणी कायमचा शेवटचा नाही. या नियमावर आजवर कोणाला बोट ठेवता आलेलं नाही.

परवा महिना बदलला. तीन नंबर पुलापलीकडच्यांकडे गेला आणि आमचा, टेकडीवरच्यांचा, चार झाला. आमच्या कारकुनाने सवयीने पाकिटावर तीनच घातला. केंद्रात फिती लावणाऱ्या, यंत्रावरच्या बाईंपुढे तीन नंबरची दोन पाकिटं आली. त्यांनी वरचं उचललं आणि पुलापलीकडच्यांच्या वेळेत आमची प्रार्थना लागली. घोळ लक्षात आला तेव्हा बाईंनी शेवटच्या पाव तासात त्यांची लावली. दोन्ही प्रार्थना गेल्या, पूर्ण गेल्या, फक्त जागा बदलून.

झालं. पुलापलीकडच्यांना राग, की आमच्या वेळेत त्यांची का लावली. टेकडीवरच्यांना राग, की आमची त्यांच्या वेळेत का वाया घालवली. मंडळ निघाल्यापासून दोघांचं एकमत झालं ते हे पहिलं.

आता दोघांनी मिळून एक माफीनामा लिहून आणलाय. तो अध्यक्षाने, म्हणजे मी, रेडिओवरून वाचायचा. त्यात 'घोर अपमान' हे शब्द आहेत, आणि यंत्रावरच्या बाईंना काढून टाकल्याची घोषणा आहे. बाई केंद्र निघाल्यापासून आहेत. त्या कोणत्या पंथाच्या हे मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि म्हणूनच त्या तिथे आहेत. मी सांगितलं, वाचणार नाही. तुझे दीर म्हणाले, मग पुलापलीकडचे मंडळ सोडतील. मी म्हटलं, दार आत-बाहेर दोन्हीकडे उघडतं.

तब्येत सांभाळ. सासूबाईंना नमस्कार सांग. लोभ आहेच. कमी पडला तर येऊन घेऊन जाईन.

तुझा,
भाऊ


९ मार्च

चि. मोजपट्ट्यास,

अ. उ. आ. तुझ्यासारख्याला ते कितीही दिले तरी कमीच, म्हणून सगळे एकदम देत नाही.

पत्र मिळालं. हकीकत इथे आधीच पोचली होती, तुझ्यापेक्षा बरीच मोठी होऊन. धाकटे दीर त्या दिवसापासून बूट काढतात ते आपटूनच. जेवताना त्यांनी ताट सरकवलं की मला कळतं, आज सभेचा विषय आहे. त्यांची बायको माझ्याशी नीट बोलते, पण जरा जास्तच नीट. तुझे मेव्हणे नेहमीप्रमाणे म्हणाले, मला यात ओढू नका, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. आता तिथेच वाचतात, तिथेच चहा पितात.

सासूबाईंचं अंथरूण सुटत नाही. त्यांच्या उशाशी तो जुना रेडिओ असतो आणि संध्याकाळी त्यांना त्यांचा पाव तास लागतो. मंडळ मोडलं तर तो कुठून आणायचा? तू दाराचं बोललास. त्यांना दारापर्यंत चालता येत नाही.

म्हणून सांगते, वाच तो कागद. कागद वाचल्याने तू लहान होत नाहीस. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडलीस तेव्हाही तू अडून बसला होतास की दगड सरळच मारला होता, काचच वाकडी बसवली होती. शेवटी आईने तुझ्या वतीने माफी मागितली. आता आई नाही, आणि मला दोन्ही घरांत राहायचंय.

त्या संध्याकाळी इथे नक्की काय झालं, ते विचारू नकोस. झालं ते झालं.

माझ्यावरचा लोभ असाच ठेव, आणि हट्टावरचा जरा कमी कर.

ताई


१३ मार्च

ति. ताईस,

सा. न. वि. वि. काच वाकडीच होती. नंतर मी स्वतः मोजली होती.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. तू मला वाच म्हणतेस. काय वाचू? चूक झाली म्हणायला सांग, आत्ता चौकात उभा राहून म्हणतो. अपमान झाला, हे म्हणणार नाही. अपमानाला कोणाचा तरी हात लागतो. इथे कोणाचा लागला? बाईंचा? त्यांनी नंबर वाचला आणि पाकीट उचललं. आणि एकाची प्रार्थना दुसऱ्याच्या कानावर पडली म्हणून दुसरा बाटला, हे आज मी माझ्या तोंडाने म्हटलं, तर उद्या चारही पंथ केंद्राच्या एका जिन्याने कसे चढणार? एकच जिना आहे आमच्याकडे, तोही अरुंद. समोरून कोणी आलं तर अंग चोरून भिंतीला लागावं लागतं. इतकी वर्षं लागतातच ना?

आमचे टेकडीवरचे पण कमी नाहीत. काल दुकानात दोघे येऊन बसले. एक काटा दाखवायला आणला होता, त्यात काही बिघाड नव्हता. बिघाड माझ्यात आहे, हे सांगायला आले होते. आपल्या माणसाने आपल्यासाठी रागवायला हवं म्हणाले. मी काटा पुसून परत दिला आणि म्हटलं, हा बरोबर दाखवतोय, तुम्हालाच वजन जास्त हवंय.

सभा पंधरवड्याने आहे. सासूबाईंचं वाईट वाटतं. पण ताई, ज्या पाव तासासाठी कोणाची तरी नोकरी खावी लागते, तो त्यांना तरी गोड लागेल का?

लोभ असावा. रागासकट असला तरी चालेल.

तुझा,
भाऊ


१८ मार्च

चि. मोजपट्ट्या,

आशीर्वाद पुढच्या पत्रात. या पत्रात फक्त कानउघाडणी.

तू ताठ आहेस, छान आहे. पण तुझ्या ताठपणाचे पैसे कोण मोजतंय? तुझी खुर्ची गेली तर तुला दुकान आहे. यंत्रावरच्या बाईंना काय आहे? तू माफीनामा वाचला नाहीस तर ते दुसऱ्याकडून वाचून घेतील, आणि बाई जायच्या त्या जातीलच. तू मात्र आयुष्यभर सांगत फिरशील, मी वाचला नाही, मी वाचला नाही.

आणि एक सांगू? तुझ्या पत्रात कारकून आहे, बाई आहेत, माझे दीर आहेत, जिना आहे. तू कुठेच नाहीस. पाकिटावर नाव घालायचं नाही, खूण करायची नाही, नुसता नंबर, आणि तोही दर महिन्याला बदलायचा, हा नियम कोणाचा? पाकिटावर एक शब्द लिहिलेला असता तर बाईंना दोन पाकिटांतलं कोणतं कोणाचं ते कळलं नसतं का? कोणी पहिला नको, कोणी शेवटचा नको, या नादात कोण कोण आहे तेच पुसून टाकलंस. मी शाळेत मुलांच्या डब्यांवर नावं लिहायला लावायचे. त्यामुळे कोणाचा डबा मोठा झाला नाही.

लढायचं तर लढ. मी परवा नको म्हटलं, ते आज मागे घेते. का, ते विचारू नकोस. पण लढताना स्वतःला बाहेर ठेवून लढू नकोस.

ताई


२८ मार्च

ति. ताईस,

शि. सा. न. वि. वि. या वेळी मान खाली घालून. फार वेळ नाही, लगेच वर घेणार आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्यावर चिडून जेवलो. तिसऱ्या दिवशी केंद्रात गेलो, चार कोरी पांढरी पाकिटं बाईंच्या मेजावर ठेवली आणि त्यांना विचारलं, यांतलं आमचं कोणतं ते तुम्ही कसं ओळखता? त्या म्हणाल्या, ओळखत नाही, आणि ओळखायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय. आवाजात तक्रार नव्हती. तेच जास्त लागलं.

काल सभा झाली. पाण्याचा तांब्या कोणापुढे ठेवायचा यावर नेहमी वाद होतो, काल कोणी पाणीच मागितलं नाही. मी उभा राहून म्हणालो, चूक पाकिटांची आहे आणि पाकिटांचा नियम माझा आहे. कारकुनाने नंबर चुकवला हे खरं, पण चुकलेला नंबर पकडायला मी जागाच ठेवली नव्हती. इतिवृत्तात लिहा म्हटलं. लिहिलं. त्यानंतर बाईंना का काढायचं, हे कोणालाच सांगता येईना. बाई राहिल्या.

मग माझ्यावर आले. चूक माझी, तर माफीनामा मी वाचावा. मी म्हटलं, चूक वाचतो, अपमान वाचत नाही. पुन्हा तेच. शेवटी मतं घेतली आणि माझी खुर्ची एका मताने गेली. ठराव तुझ्या दिरांनी मांडला.

एक गोष्ट मात्र कळली नाही. मंडळ सोडण्याचं ते बोललेच नाहीत. विषय निघाला तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, पुलापलीकडचे राहतील, फक्त अध्यक्ष बदला. त्यांचा चेहरा छडी खाल्लेल्या पोरासारखा होता. त्यांना कोणी काय म्हणालं, तुला माहीत असलं तर लिही.

खुर्ची महिनाअखेरीस सोडायची आहे. पण मंडळाचं निवेदन अध्यक्षाने वाचायचं, हा नियम बदलायला मात्र ते विसरले. म्हणून तीस तारखेला संध्याकाळचा तास सुरू होण्याआधी मी वाचणार आहे. माझं मी लिहिलंय: "त्या संध्याकाळी एकाच्या वेळेत दुसऱ्याची प्रार्थना लागली. चूक पाकिटांची, नियम माझा. त्याबद्दल मी दिलगीर आहे. पण दुसऱ्याची प्रार्थना ऐकू आल्याने कोणाचा अपमान होतो, हे या खुर्चीवरून म्हटलं जाणार नाही. उद्यापासून प्रत्येक पाकिटावर नाव असेल." बाई म्हणाल्या, त्या बटण दाबतील.

तुझ्या घरात याचे पडसाद उमटतील. तरी वाचणार. माझ्यावर लोभ ठेवणं अवघड जाईल, तरी ठेव.

तुझा,
भाऊ


१ एप्रिल

चि. भावास,

अ. उ. आ. मागचे थकलेलेही यातच जमा कर.

तू विचारलंस म्हणून आता सांगते. आधी सांगितलं असतं, तर तू माझ्यासाठी लढलास असं झालं असतं. मला ते नको होतं.

त्या पहिल्या संध्याकाळी मी सासूबाईंना औषध देत होते. रेडिओ लागला आणि आपली, माहेरची प्रार्थना सुरू झाली. आई माझी वेणी घालताना म्हणायची ती. तुला आठवत नसेल, तुला वेणी नव्हती. तिसऱ्या कडव्यातल्या लांब ओळीला ती पेड घट्ट करायची आणि मला हिसका बसायचा. या घरात येऊन माझे केस पांढरे झाले. इथे ती म्हणायला कोणी मनाई केली नव्हती. विचारलंही नव्हतं. त्या संध्याकाळी ती ओळ आली आणि माझी मान आपोआप मागे गेली. हातातलं औषध सांडलं.

सासूबाई बघत होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आवाज वाढव."

मी वाढवला. तेवढ्यात धाकटे दीर बूट न काढताच आत आले आणि त्यांनी रेडिओ बंद केला. पुढच्या पाव तासात त्यांचीच प्रार्थना लागणार होती, तीही त्यामुळे हुकली. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या सभेच्या आदल्या दिवशी. दीर सांगायला आले की आपण मंडळ सोडतोय. सासूबाई म्हणाल्या, जरूर सोड. मग रोज संध्याकाळी या खाटेशी बसून तूच प्रार्थना म्हणत जा. आजपासूनच कर सुरुवात. बिचारे बसले. दुसऱ्या कडव्यापर्यंत गेले आणि तिथून पुन्हा पहिल्यात शिरले. दुसऱ्या खोलीतून तुझे मेव्हणे पुढची ओळ सांगत होते. एवढ्या प्रकरणात त्यांनी तोंड उघडलं ते तेवढंच.

तर, परवा तीस तारीख. खाटेभोवती सगळे होते. दीरही होते, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून, पान न उलटता. तुझा आवाज आला. घसा कोरडा होता, आधी पाणी प्यायला हवं होतंस. 'चूक पाकिटांची, नियम माझा' इथे तू जरा थांबलास, आणि दिरांचं वर्तमानपत्र थोडं खाली आलं.

सासूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. पण या वेळी त्यांना सांगावं लागलं नाही. मी आधीच उठले होते.

खुर्ची गेली तर जाऊ दे, इथे खाटेशेजारी एक रिकामी आहे. येऊन बस. लोभ तिथेच ठेवलाय.

ताई