दोरीचं टोक

माण, ता. मुळशी
९ डिसेंबर २००६

चि. तृप्ती,
आईचा जयभीम. जावईबापूंनाबी सांग. हितं आमी बरे हाय. पप्पांचा गुडघा ठणकतोय, तोंड मात्र नीट चालतंय. शेजारच्या रानात नवी बिल्डिंग उठलीया, दिवसभर घरात नुसती धूळ.

तुझं पाकीट मिळालं. अंदमानचा सगळा इंग्रजीतला बेत वरच्या खोलीतल्या भाडेकरू पोरीकडनं, क्षितिजाकडनं, वाचून घेतला. म्हणती, “काकू, लकी आहात, मुलगी विमानानं नेतेय!” मी म्हणलं, “मग तूच जा माझ्या जागी.”

जंगल बघायचं, बघ. तितल्या लोकांची गाणी, नाच, तेबी बघ. हितं कातकरवाडीत नाच असला की तुला डास चावायचे, पण जाऊ दे. पाण्याखाली जायचं तेवढं काढून टाक. पाठीवर नळकांडं बांधून माणसानं माशांत जायचंच कशाला? मासे बघायचे तर बाजारात बघ.

फोनवर हेच सांगितलं तर म्हणालीस, “आई, तुला काय कळतंय त्यातलं?” कळतंय म्हणूनच लिहितीया. पप्पा म्हणत्यात लिहू नको. त्यांचं मी ऐकत न्हाई.

तुझा भाऊ कासारसाईच्या धरणात गेला तवा तू बाळंतपणाला टेकलेली. तुला नंतर सांगितलं. तू लई विचारलंस, मी म्हणलं, सिद्धांत सापडला, आणला, झालं.

वाल्मीक उतरला हुता, धरणात मासे धरतोय तो. कमरेला दोरी बांधली आन म्हणाला, “टोक घरच्या माणसानं धरायचं. परकं माणूस मढं वर येताना बघून दोरी सोडतंय.” पप्पांच्या हातातनं टोक दोनदा सुटलं. मी म्हणलं, “व्हा बाजूला.” मग वाल्मीक मला म्हणाला, “एक हिसका म्हंजे मी वर येतोय, वढा. दोन म्हंजे घावला.”

एक हिसका आला. वढलं. रिकामाच वर आला, दम खाल्ला, परत गेला. दुपारपातूर असंच. दर बारीला मी मनात म्हणायची, एकच येऊ दे. म्हंजे पोरगं कुटंतरी झाडाखाली झोपलं आसंल, संध्याकाळी येईल शिव्या खायला.

मग दोन आले.

सोडली न्हाई मी. पण अजून वाळवणाची दोरी बांधायची झाली तर पप्पांना हाक मारती.

पाकिटातल्या फोटोत एक बाई पाण्याखाली हाय. चष्मा लावून लई बघितलं. तिच्या कमरेला दोरी न्हाई. क्षितिजा म्हणती, “काकू, शिकवणारा सोबत असतो, हात धरून नेतो.” तो काय घरचा हाय व्हय?

तू ऐकणार न्हाईस. माझ्यावरच गेलीयास. तर माझं तिकीट राहू दे, येती मी. विमानात गप बसंन, नाचबी बघंन. पण उतरायच्या आधी कमरेला दोरी बांधायची. लोक हसले तर हसू देत. टोक माझ्याकडं.

वर येताना एकच हिसका दे. दोन देऊ नको.

तुझं घरचं माणूस,
आई