नकाशावरचे वास

३ मार्च, सकाळी ७
दुसऱ्या मजल्यावरच्या उत्कर्षाने काल जुना नकाशा आणून दिला. ती कॉलेजसाठी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा इतिहास लिहिते आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा नकाशा. शेड, गेट, गटार, सगळं आहे. कारखान्यांची नावं तेवढी नाहीत. ती मी भरायची. वर ट्रेसिंग पेपर ठेवून, पेन्सिलने, रविवारपर्यंत. आजोबा, एकच प्रत आहे, मालकाला जशीच्या तशी परत द्यायचीय, असं तीनदा म्हणाली. मी म्हटलं, रबर कंपनीत एकतीस वर्षं काढलीत, तू निर्धास्त राहा.
आमची कंपनी पाडली. निदान इतिहासात तरी नाव लागेल.
रोज दहा शेड. आजपासूनच.

४ मार्च
सुरुवात उद्या. पोट बरं नाही. टेबल भिंतीला लागून, म्हणून नकाशा एकाच बाजूने बघता येतो. गावांची नावं बारीक इंग्रजीत. चष्म्याचा नंबर बदलला असावा. रंगू म्हणाली, अहो, नवीन चष्म्याने इंग्रजी येतं का? दुर्लक्ष केलं.

६ मार्च, दुपारी
युक्ती सापडली. आम्ही बसमधून वासावर उतरायचो. ठाण्याहून निघालं की आधी सडकी अंडी, मग साबण, व्हार्निश, करपलेली साखर. गरम रबराचा वास आला की उठायचं. त्याच क्रमाने भरत गेलो. ट्रेसिंग पेपर सारखा सरकतो, पेन्सिल दिसत नाही. शेवटी लाल बॉलपेनने थेट नकाशावरच लिहिलं. अक्षर सुरेख आलंय. आमच्या कंपनीला चांदणी काढली. चौतीस शेड एका बैठकीत! स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.

७ मार्च
रंगू चहा ठेवताना म्हणाली, नातवाला एबीसीडी मीच शिकवली. एचे पाय खाली असतात, तुमच्या नकाशात वर झालेत.
नकाशा उलटा होता. म्हणजे ठाण्याकडचं सगळं बेलापूरकडे.
बीपीची गोळी घेतली.

८ मार्च
घाबरायचं कारण नाही. टाइम ऑफिसात हेल्पर होतो. हजेरीच्या मस्टरमध्ये चुकलं की साहेब अर्ध्या ब्लेडने खरवडायला मलाच द्यायचे. हात अजून स्थिर आहे. चांदणीपासून सुरुवात केली.

८ मार्च, संध्याकाळी
चांदणीच्या जागी भोक पडलं. तिथेच थांबलो. कागद जुना, त्यात खाडीची दमट हवा. उद्या तसंच सांगणार.

९ मार्च, रविवार
दमट हवा म्हणालो. रंगूने आतून ओरडून सांगितलं, ब्लेड म्हणा की!
उत्कर्षा नकाशा मांडीवर घेऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मालकाला काय सांगू, एवढंच म्हणाली. मग विचारलं, आजोबा, तुमची कंपनी खरी कुठे होती, ते तरी दाखवा. नकाशा सुलटा केला. बोट फिरत राहिलं, टेकेना. म्हणालो, मला तिथे ने. वासावरून लगेच सांगतो.

१० मार्च
रिक्षाने गेलो. दोन्हीकडे काचेच्या इमारती. ऊन होईपर्यंत नाक वर करून चाललो. कसलाच वास नाही. एका गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला वाटलं, चक्कर येतेय. त्याने खुर्ची आणून दिली. बसलो.
उत्कर्षाने विचारलं, इथेच ना?
खुर्ची जिथे होती, तिथे तिने नकाशावर पेन्सिलने टिंब काढलं. बाजूला रबर कंपनी असं लिहिलं.
मी खुर्चीवरून उठलो नाही.